विश्लेषण : भाऊबीज झाली, डबा संपला का? दिवाळीनंतर वजन वाढण्याचं साधं गणित

भाऊबीज झाली, पाहुणे गेले. करंजाडेतल्या सोसायट्यांमध्ये आता शेजाऱ्यांच्या ताटांची परतफेड सुरू आहे आणि फराळाचे डबे अजून अर्धे भरलेले आहेत. 'दिवाळीत वजन वाढलं' असं आपण सहज म्हणतो. पण वाढतं ते दिवाळीच्या चार दिवसांत, की त्यानंतर?

एका लाडवात किती कॅलरी?

मध्यम आकाराच्या बेसन लाडवात अंदाजे १० ग्रॅम तूप, १५ ग्रॅम साखर आणि तितकंच बेसन धरा. तुपाच्या ९०, साखरेच्या ६०, बेसनाच्या ५५ ते ६०. म्हणजे एक लाडू सुमारे २०० कॅलरींचा. आयसीएमआर-एनआयएनच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसभरात २० ते २५ ग्रॅमपर्यंतच साखर खावी. त्यातली निम्म्याहून जास्त एका लाडवातच संपते.

चार दिवस की महिना?

शरीरातल्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. दिवाळीचे चार दिवस रोज ८०० कॅलरी जास्त खाल्ल्या, तर होतात ३,२००. आता दुसरा हिशोब. चहासोबत रोज एक लाडू आणि मूठभर चिवडा, म्हणजे सुमारे २५० कॅलरी. महिनाभरात ७,५००, दुपटीहून जास्त! प्रत्येकाचं शरीर हे गणित काटेकोर पाळत नाही, पण दिशा स्पष्ट आहे. दोष सणाचा कमी, रेंगाळणाऱ्या डब्याचा जास्त. त्यात तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई आणि मग थर्टी फर्स्ट.

थोडंसं वाढलं तर काय बिघडलं?

अमेरिकेत १९५ प्रौढांवर झालेला एक अभ्यास २००० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. तिथल्या सणासुदीत सरासरी वाढ फक्त ०.३७ किलो होती. पण पुढच्या फेब्रुवारी-मार्चपर्यंत ती उतरली नाही. दरवर्षी थोडं चढतं आणि तिथंच राहतं, हा खरा धोका.

आपल्याकडे तो मोठा आहे. २०२३ च्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. भारतीयांची चरबी पोटावर साठते, म्हणून वजनकाट्यासोबत टेपही वापरा. कंबर पुरुषांची ९० आणि महिलांची ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर सावध व्हा.

मग करायचं काय?

करंजाडेहून रिक्षानं पनवेल स्टेशन आणि तिथून सीएसएमटीपर्यंत लोकलची सुमारे ८० मिनिटं, असा दिवस असणाऱ्याला जिमचा सल्ला देणं सोपं, पाळणं अवघड. जमेल असं हे :

• फराळाला शेवटची तारीख ठरवा. उरलेला आठवडाभरात वाटून टाका.
• डबा टीव्हीसमोर नको. वाटीत काढा, झाकण लावा, मग बसा.
• लाडू खायचाच तर त्या वेळचा चहा बिनसाखरेचा घ्या.
• रात्री उशिरा घरी येऊन जेवणाऐवजी चिवडा-चकली नको. भाजी-भाकरी, वरण, कोशिंबीर खा.
• जेवणानंतर सेक्टरमध्येच फेरी मारा. अर्धा तास भरभर चालल्यानं साधारण १३० ते १५० कॅलरी खर्च होतात, म्हणजे एक लाडूही पूर्ण फिटत नाही. म्हणून आधी खाण्यावर लक्ष.
• 'शुगर-फ्री' मिठाईत खवा आणि तूप असतंच. मधुमेह असेल तर औषधाचा डोस स्वतःहून बदलू नका, डॉक्टरांना विचारा.

फराळ सोडायची गरज नाही. दिवाळीचा लाडू दिवाळीत आनंदानं खावा. नोव्हेंबरच्या अखेरीस, चव गेलेला, केवळ 'संपवायचा म्हणून' खाल्लेला लाडू मात्र नक्की टाळता येतो.