निदानाआधीची गोळी

बडोदे शहराच्या वायव्य अंगास वसलेल्या गोरव्याची ओळख गेल्या शतकात औषधांच्या आणि रसायनांच्या कारखान्यांनी घडविली. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन या त्रयीच्या उद्योगातून १९०७ साली उभ्या राहिलेल्या अलेंबिक कारखान्याने पुढे १९६१ साली पेनिसिलिनच्या निर्मितीपर्यंत मजल मारली, आणि त्या विभागाचे उद्घाटन लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाले. पेनिसिलिनने मनुष्यजातीवर केलेल्या उपकारांची मोजदाद करणे कठीण आहे. किडक्या दाढेखालचा पू जबड्यातून गळ्यात आणि गळ्यातून छातीत उतरून धडधाकट माणसे चार-सहा दिवसांत दगावण्याचे जे प्रकार पूर्वी सर्रास घडत, ते या औषधाच्या आगमनानंतर विरळ झाले. परंतु याच यशाच्या पोटी एक समजूत जन्मास आली, आणि ती आज इतकी रुजली आहे की तिच्याविषयी जाहीरपणे लिहिणे मला अगत्याचे वाटते: तोंडातील प्रत्येक दुखणे जीवाणूंचेच असते आणि प्रत्येक दुखण्यावर प्रतिजैविक हाच इलाज असतो, ही ती समजूत होय.

गोरव्यातील कारखान्यात आठ-आठ तासांची पाळी करणारा कामगार असो की दांडिया बाजारातला निवृत्त कारकून असो, दाढ ठणकू लागली म्हणजे दंतवैद्याकडे जाण्यापूर्वी पाय वळतात ते औषधाच्या दुकानाकडे. तेथे अमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडॅझोल आणि एखादी वेदनाशामक गोळी यांची तीन दिवसांची पुडी चिठ्ठीवाचून हातात पडते. पट्टीवर छापलेली लाल रेघ, जी डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याशिवाय हे औषध घेऊ नये असे बजावण्यासाठीच असते, ती विकणारा पाहत नाही आणि घेणाऱ्याला तिचा अर्थ कोणी सांगितलेला नसतो. पाळी बुडाली तर रोजंदारी बुडते, हे ज्याचे गणित आहे त्याला मी दोष देणार नाही. दोष द्यायचा तो निदानाशिवाय औषध स्वस्त आणि निदान मात्र महाग करून ठेवणाऱ्या व्यवस्थेला.

दात किडण्यामागे मुखातील सूक्ष्मजीवांनी साखरेपासून बनविलेले आम्ल असते, हा सिद्धांत विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने बर्लिनमध्ये काम करीत असताना १८९० साली ग्रंथरूपाने मांडला, आणि तो आजही आपल्या जागी अढळ आहे. किडलेली दाढ, तिच्या मुळाशी साचलेला पू, सुजलेल्या हिरड्या यांचे प्रमुख कर्ते जीवाणूच आहेत, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र मुखाच्या त्या ओलसर, उबदार प्रदेशात जीवाणूंच्या शेजारी बुरशीही नांदते आणि विषाणूही दबा धरून असतात, आणि विशिष्ट परिस्थितीत त्यांचा अंमल सुरू झाला म्हणजे जीवाणूंवरचे औषध निरुपयोगी तर ठरतेच, पण प्रसंगी घातकही ठरते.

या गोष्टीचा सर्वांत दारुण पुरावा आपल्या शहराने २०२१ च्या उन्हाळ्यात पाहिला. करोनाच्या दुसऱ्या लाटेतून वाचून घरी परतलेल्या माणसांचे वरच्या जबड्यातील दात एकाएकी हलू लागले, हिरड्यांवर जागोजागी पुवाच्या पुटकुळ्या उठल्या, गालाची संवेदना गेली, टाळू काळा पडला. सयाजीराव इस्पितळात आणि गोत्रीच्या इस्पितळात या रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष उघडावे लागले. गुजरात सरकारने २० मे रोजी, मुंबईच्या प्लेगच्या वेळी झालेल्या १८९७ च्या साथरोग कायद्याखाली, या म्युकरमायकोसिस नावाच्या बुरशीजन्य रोगाची नोंद सक्तीची केली. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस केंद्र सरकारने जी आकडेवारी जाहीर केली तीत देशभरातील ११,७१७ रुग्णांपैकी गुजरातेत २,८५९ आणि महाराष्ट्रात २,७७० होते. म्हणजे निम्म्याजवळचा भार या दोन शेजारी राज्यांच्याच माथी होता.

लोकांनी या रोगाच्या बुरशीला काळी बुरशी म्हटले. वास्तविक ती बुरशी काळी नसते, काळे पडते ते तिच्या तडाख्यात मेलेले ऊतक. तिचे बीजाणू माती, कुजका पालापाचोळा, शिळी भाकरी यांतून हवेत सदैव तरंगत असतात आणि निरोगी माणूस ते श्वासागणिक पचवीत असतो. परंतु मधुमेह आटोक्याबाहेर गेला, रक्तातील साखर आणि आम्लता वाढली, त्यातच स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रांनी शरीराची संरक्षक शक्ती क्षीण झाली, म्हणजे नाकाजवळच्या पोकळ्यांत हे बीजाणू अंकुरतात, त्यांचे तंतू रक्तवाहिन्यांच्या भिंती भेदून आत शिरतात, रक्ताच्या गाठी होऊन प्रवाह बंद पडतो, आणि त्या वाहिनीवर पोसला जाणारा जबडा, टाळू, पुढे डोळा आणि अखेर मेंदू यांचा भाग मृत होत जातो. या क्रमात दात हलणे हे पुष्कळदा आरंभीचे चिन्ह असते. ज्याच्या हलत्या दातावर किंवा हिरडीच्या सुजेवर नेहमीची प्रतिजैविके देऊन आठवडा घालविला गेला, त्याचा तो आठवडा म्हणजे जबडा वाचविण्याची मुदत होती. उलट ज्याच्या दंतवैद्याने त्याच दिवशी साखर तपासली, नमुना प्रयोगशाळेत धाडला आणि स्कॅन करविला, त्याला अँफोटेरिसिन हे बुरशीनाशक वेळेवर मिळून निदान डोळा तरी वाचण्याची आशा राहिली. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली तंतू पाहण्याची ही प्राथमिक तपासणी अल्प खर्चाची आहे आणि थोड्या वेळात होते. न्यून होते ते ती करण्याची आठवण होण्याचे.

म्युकरमायकोसिस हा टोकाचा प्रकार झाला. कँडिडा नावाची यीस्टसारखी बुरशी मात्र असंख्य निरोगी मुखांत निमूटपणे राहते आणि तिला आवरून धरण्याचे काम शेजारचे जीवाणूच करीत असतात. वारंवार घेतलेल्या प्रतिजैविकांनी ते जीवाणू मेले की माजलेल्या तणासारखी ती पसरते. जिभेवरचा पुसला जाणारा पांढरा थर, ओठांच्या कोपऱ्यांतील चिरा, रात्रंदिवस कवळी न काढणाऱ्या आजी-आजोबांच्या टाळूवर कवळीच्या बरोबर आकाराचा लालभडक पट्टा, दम्याचा पंप ओढून चूळ न भरणाऱ्याच्या घशाशी होणारी आग, ही सारी तिचीच रूपे आहेत. रूट कॅनल करूनही पुन्हा पुन्हा दुखणाऱ्या काही दातांच्या मुळांतही ती सापडते. आणि २०१४ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखविले की दात किडविणारा स्ट्रेप्टोकॉकस आणि ही बुरशी साखरेच्या सान्निध्यात एकत्र आली म्हणजे दोहोंचा लेप एकट्याच्या लेपाहून दाट होतो आणि कीड कितीतरी उग्र होते. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला निजविण्याची सवय घराघरांत आहे. तिचा परिणाम म्हणून दोन-तीन वर्षांच्या मुलांचे पुढचे दात खुंट होऊन राहतात, त्यामागे ही भागीदारी असू शकते.

विषाणूंची कैफियत वेगळीच आहे. कांजिण्या बऱ्या झाल्यावरही त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतो आणि उतारवयात नागीण होऊन उठतो; चेहऱ्याच्या मज्जातंतूत उठला तर पुरळ येण्याच्या काही दिवस आधीच एका बाजूच्या दातांत असह्य कळा येऊ लागतात, आणि सुदृढ दातांचे रूट कॅनल झाल्याची, ते उपटले गेल्याची उदाहरणे दंतवैद्यकाच्या दप्तरात नमूद आहेत. लहान मुलांत हर्पिसचा पहिला संसर्ग ताप, रक्ताळलेल्या हिरड्या आणि तोंडभर फोड घेऊन येतो, आणि घरातले मोठे ‘दात येताहेत’ म्हणून तिकडे दुर्लक्ष करतात किंवा प्रतिजैविकाचे सरबत पाजतात. वस्तुतः त्या मुलाला सर्वांत मोठा धोका पाणी न पिण्याने शरीर कोरडे पडण्याचा असतो. हिरड्यांच्या जुनाट रोगात हर्पिस कुळातील विषाणू आढळतात, हे कॅलिफोर्नियातील योर्गेन स्लॉट्स यांनी १९९० च्या दशकापासून आग्रहाने मांडले आहे. ते मूळ कारण की केवळ सहप्रवासी, हा वाद मिटलेला नाही, आणि जो वाद मिटलेला नाही त्याच्या आधारे कोणी औषध विकू लागला तर त्याच्यापासूनही सावध राहावे.

बुरशीविषयी मनात केवळ भीती राहू नये म्हणून एक गोष्ट येथे नोंदवितो. पेनिसिलिन हे बुरशीचेच देणे आहे. आणि पुण्याजवळच्या पिंपरीत, १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेत डॉ. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी मातीतील सूक्ष्मजीव तपासत असताना ज्या जीवाणूला त्यांनी गावावरून ‘पिंप्रिना’ हे नाव दिले, त्याच्यापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध हाती आले. जीवाणूंवर इलाज बुरशीने पुरविला आणि बुरशीवर जीवाणूने. आपल्या भाषिक प्रदेशातील मातीतून निघालेल्या या औषधाची हकीकत शाळेच्या पुस्तकात असावी, असे मला मनापासून वाटते.

तेव्हा मागणे साधे आहे. महानगरपालिकेने आपल्या नागरी आरोग्य केंद्रांत आठवड्यातून निदान दोन सायंकाळी, पाळी सुटल्यानंतरच्या वेळी, दंतवैद्याची रीतसर तजवीज करावी आणि तेथेच साखर तपासणीची आणि बुरशीच्या प्राथमिक तपासणीची सोय ठेवावी. औषध प्रशासनाने लाल रेघेच्या नियमाचा अंमल दुकानांत प्रत्यक्ष जाऊन पाहावा. दंतवैद्यांनी दात उपटण्यापूर्वी मधुमेहाची आणि स्टेरॉइडची चौकशी कधीही टाळू नये. आणि वाचकहो, तुम्हाला मधुमेह असेल आणि वरच्या जबड्यातला दात विनाकारण हलू लागला, गाल बधिर झाला किंवा टाळूवर काळपट डाग दिसला, तर औषधाच्या दुकानात न जाता त्याच दिवशी सयाजीराव किंवा गोत्रीचे इस्पितळ गाठा. रात्री निजताना कवळी काढून स्वच्छ पाण्यात ठेवा, पंप ओढल्यावर चूळ भरा, आणि घरात उरलेली प्रतिजैविकाची अर्धी पट्टी पुढच्या दाढदुखीसाठी जपून ठेवू नका.