मांडी ही गाडीतली सुरक्षित जागा नाही
लकडगंज आणि आसपासच्या पालकांना जाहीर आवाहन

लकडगंजकरहो,

आपल्या आरामशिनीवरून सागाचा साधा ओंडकाही दोर आवळल्याशिवाय निघत नाही. त्याच रस्त्यावर दीड वर्षाचे पोर मात्र पुढच्या सीटवर आईच्या मांडीत मोकळे बसलेले दिसते. हटकले की उत्तर ठरलेले: ‘इतवारीपर्यंतच तर जायचे आहे!’

डिसेंबर 2024 मध्ये नवी मुंबईत, वाशीला, पुढे बसलेला सहा वर्षांचा मुलगा एअरबॅगच्या धक्क्याने दगावला. शहरातल्या शहरातच निघालेली गाडी होती ती. एअरबॅग बनते मोठ्या माणसाच्या बेताने. लहानग्याच्या ती थेट डोक्या-मानेवर आदळते. म्हणून बारा-तेरा वर्षांपर्यंत मुलांना मागेच बसवा. घट्ट धरून ठेवू, या भरवशावरही राहू नका. ताशी 50 च्या वेगात गाडी आदळली, तर दहा किलोंच्या बाळाचा ओढा दोनशे किलोंच्या घरात जातो. आई आणि बाळ दोघांवरून एकच बेल्ट घेणे तर आणखी वाईट, कारण आईचा सगळा भार बाळावर येतो.

निदान सव्वा वर्षापर्यंत चाइल्ड सीट अशी बसवा, की बाळाचे तोंड मागच्या काचेकडे राहील. धक्का नाजूक मानेवर न येता पाठीवर पसरतो. सीट हलवून पाहा, बोटभराहून जास्त सरकली तर पुन्हा आवळा. खांद्यावरचा पट्टा चिमटीत येता कामा नये. हिवाळ्यात जाड जॅकेट आधी काढा, पट्टा बांधा, मग वरून पांघरूण घाला. आणि आपला मे महिना! उन्हात उभ्या गाडीतले बक्कल चटका देते. सीटवर दुपट्टा टाकून ठेवा. मोठ्या मुलांना बूस्टर, म्हणजे उंच बसवणारी बैठक, लागते, कारण बेल्ट पोटावर आणि गळ्यावर नव्हे, मांड्यांवर आणि खांद्यावर बसायला हवा.

मोटार वाहन कायद्याच्या 194(ब) कलमात चौदा वर्षांखालच्या मुलाला न बांधता नेल्यास हजार रुपये दंड आहे. शहरात कोण पकडतो, असे म्हणाल, तेही खरेच.

सीट महाग आहे, हे मान्य. भावाबहिणींत, शेजाऱ्यांत ती फिरू द्या. फक्त अपघातात सापडलेली कुणाकडून घेऊ नका. येत्या दसऱ्याला नवी गाडी घेणाऱ्यांनी शोरूममध्ये सीटकव्हर आणि परफ्यूमसाठी घासाघीस करण्याऐवजी चाइल्ड सीट मागावी, आणि ती बसवून दाखवल्याशिवाय किल्ली घेऊ नये.

— लकडगंजमधील काही पालक