वर्गणीचा तक्ता आणि त्याचा दरवाजा

भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. झोतभट्टीला जसे लोहखनिज आणि कोक लागतो, तशी चुनखडीही लागते. खनिजातली वाळू-माती चुनखडीशी मिळून तिची मळी होते आणि लोखंड निराळे होऊन खाली बसते. ही चुनखडी जवळच्याच नंदिनीच्या खाणीतली. त्या खाणीच्या आधाराने नंदिनीनगर वसले. कारखान्यासाठी देशभरातून माणसे आली, त्यांत मराठी कुटुंबेही होती. दुर्ग-राजनांदगाव-रायपूरच्या पट्ट्यात तर नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी घरे आहेत.

खाणीच्या वसाहतीची एक रीत असते. तिथला दिवस घड्याळावर नव्हे, पाळ्यांवर चालतो. एका घरातला कर्ता माणूस सकाळी सहाला निघतो, शेजारचा दुपारी दोनला, तर समोरचा रात्री दहाला. संध्याकाळी सात वाजता सगळे घरी आहेत, असे क्वचितच घडते. त्यामुळे सार्वजनिक कामांचा हिशेब एकाच्या हातात राहत नाही. घरी जो असेल, तो लिहितो.

आता समजा, अशा एका वसाहतीत गणेशोत्सवाची वर्गणी गोळा होते आहे. मंडळाचे खजिनदार रातपाळीला. वर्गणी घेतात कधी त्यांच्या पत्नी, कधी कॉलेजात जाणारा मुलगा, तर कधी शेजारच्या काकू. पावती फाडायची, संगणकावर एक्सेलचा तक्ता उघडायचा आणि एक ओळ भरायची, एवढेच काम. मुलगा रकमेच्या रकान्यात ‘५०१’ लिहितो. काकू व्यवस्थित स्वभावाच्या, त्या लिहितात ‘५०१ रोख’. पडद्यावर दोन्ही नोंदी सारख्याच शहाण्या दिसतात.

परंतु एक्सेलच्या लेखी ‘५०१’ हा अंक आहे आणि ‘५०१ रोख’ हा मजकूर. रकान्याची बेरीज करताना ते मजकुराची चौकट सोडून देते. ‘इथे काहीतरी चुकले आहे’ असे सांगत नाही, तांबडी खूण करीत नाही. निमूटपणे पुढे जाते. काकूंच्या हातून अशा तीन नोंदी झाल्या, तर विसर्जनानंतर हिशेब वाचताना बेरीज १,५०३ रुपयांनी कमी आणि गल्ल्यात रक्कम मात्र जास्त. किंवा त्याहून वाईट म्हणजे, मधल्या काळात गल्ल्यातून फुलवाल्याला, मांडववाल्याला पैसे गेलेले असतात आणि कशाचा मेळ कशाशी घालायचा, हेच कळेनासे होते. मग बैठकीत कोणी तोंडावर काही बोलत नाही. फक्त एखादे आजोबा चष्मा वर करून विचारतात, “आमचे पाचशे एक कुठे दिसत नाहीत हो?” ज्या माणसाने आठ दिवस झोप मोडून काम केले, त्याला हे ऐकावे लागते. रक्कम लहान असते, पण वसाहतीत वर्षानुवर्षे शेजारी राहायचे असते.

यावर ‘सगळ्यांना नीट लिहायला शिकवा’ हा उपाय सांगणे सोपे आहे आणि निरुपयोगी आहे. चूक करणारा माणूस हुशारच असतो, त्याला फक्त तक्त्याच्या मनातले ठाऊक नसते. खरा प्रश्न आहे तो चूक धरण्याच्या वेळेचा. पैसे देणारा माणूस अजून दारात उभा आहे, पावतीची शाई ओली आहे, तेव्हा चूक सापडली तर ती चूकच नाही. महिन्याने सापडली तर तो संशय असतो.

आपल्याकडच्या जुन्या दप्तरांना हे चांगले कळत होते. सातबारा हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो. तो म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. पण जमिनीच्या मालकीतला बदल कोणी थेट सातव्या नमुन्यात लिहीत नाही. तो आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत चढतो. संबंधितांना नोटीस जाते, हरकती ऐकल्या जातात, नोंद प्रमाणित होते आणि मगच सातबारा बदलतो. तक्त्याच्या आधी एक दरवाजा, आणि दरवाजात विचारपूस. एक्सेलमध्ये हाच दरवाजा फॉर्मच्या रूपाने बसवता येतो.

हा दरवाजा फार जुना नाही. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ साली व्हिजिकॅल्क हा घरगुती संगणकावरचा तक्ता आणला, १९८३ मध्ये लोटस वन-टू-थ्री आले आणि त्यात कळांची मालिका साठवून एका खुणेवर चालवण्याची सोय होती. तेच मॅक्रो. १९९३ च्या एक्सेल ५ मध्ये व्हिज्युअल बेसिकची भाषा आली आणि एक्सेल ९७ पासून स्वतःच्या हाताने फॉर्म रचण्याची आजची पद्धत रुळली. तिच्यात आजवर फार थोडा बदल झाला आहे, ही शिकणाऱ्याच्या दृष्टीने चांगली गोष्ट. पंचवीस वर्षांपूर्वीचे पुस्तक अजून उपयोगी पडते.

मॅक्रोकडे वळण्याआधी दोन साधे उपाय करून पाहावेत. एक, ‘डेटा व्हॅलिडेशन’. रकमेच्या रकान्यात अंकच चालतील असे बंधन घालता येते. मात्र दुसरीकडून मजकूर उचलून तिथे चिकटवला, तर हे बंधन गुपचूप उडून जाते. दुसरा, एक्सेलचा आयता ‘डेटा फॉर्म’. तो तक्त्याची शीर्षके वाचून आपोआप चौकटी मांडतो. नव्या आवृत्त्यांत त्याचे बटण आपण होऊन वरच्या पट्टीवर आणावे लागते, इतकेच. पाच-सहा रकाने आणि लिहिणारा एकच माणूस असेल, तर यापुढे जाण्याचे कारण नाही. हौसेखातर मॅक्रो लिहिणाऱ्यांनी अनेक कचेऱ्यांत जो गुंता करून ठेवला आहे, तो पाहता हे आधीच सांगितलेले बरे.

लिहिणारे हात चार असतील, तर मात्र फॉर्म रचावा. आल्ट आणि एफ-११ या कळा एकत्र दाबल्या की मॅक्रोचा संपादक उघडतो. त्यातल्या ‘इन्सर्ट’मधून ‘यूजरफॉर्म’ घेतला की एक कोरी पाटी येते. तिच्यावर लिहिण्याच्या चौकटी, यादीची चौकट आणि ‘नोंद करा’ व ‘बंद करा’ अशी दोन बटणे ओढून ठेवायची. हा फॉर्म उघडणारा मॅक्रो अवघ्या तीन ओळींचा: पहिल्या ओळीत मॅक्रोचे नाव, मधल्या ओळीत फॉर्मचे नाव, टिंब आणि ‘शो’ हा शब्द, आणि तिसऱ्या ओळीत शेवट. मग तक्त्याच्या पानावर एक रंगीत चौकोन काढून, त्यावर माऊसची उजवी कळ दाबून ‘असाइन मॅक्रो’ने तो मॅक्रो जोडून द्यायचा. चौकोन दाबला की फॉर्म समोर येतो आणि तो बंद होईपर्यंत मागच्या तक्त्याला हात लागत नाही. काकूंना तक्ता दिसला नाही तरी चालते. उलट तेच हवे.

खरे काम असते ‘नोंद करा’ या बटणामागे. फॉर्मच्या चौकटीत लिहिलेला आकडासुद्धा मॅक्रोच्या दृष्टीने अक्षरेच असतात. तो अंक आहे की नाही हे तपासून, अंकात बदलूनच पुढे पाठवावा. नाव लिहायला सांगू नये. घरक्रमांकांची यादी द्यावी आणि तीतला एक निवडायला लावावा. एकच कुलकर्णी तीन तऱ्हांनी लिहिले जातात, घरक्रमांक सहसा एकाच तऱ्हेने. तारखेबाबत तर विशेष जपावे. फॉर्ममधली तारीख जशीच्या तशी तक्त्यात टाकली, तर व्हिज्युअल बेसिक ती अमेरिकन पद्धतीने, महिना आधी धरून वाचते आणि ३ सप्टेंबरची वर्गणी ९ मार्चला जमा होते. महिन्याची बारा तारीख उलटली की हा घोळ दिसेनासा होतो, म्हणून तो शोधायलाही कठीण. तारखेचे रूपांतर आधी करून घेणे हाच मार्ग.

नवी ओळ कुठे लिहायची हे मॅक्रो तक्त्याच्या तळापासून वर येत, शेवटची भरलेली चौकट शोधून ठरवतो. ज्या रकान्यात तो शोधतो, तो कधीही रिकामा राहता कामा नये. राहिला तर पुढची नोंद आधीच्या नोंदीवर चढून बसते. म्हणून पहिला रकाना पावती क्रमांकाचा आणि तो भरल्याशिवाय बटण चालणार नाही, असे करावे. मॅक्रोने केलेले काम एक्सेलच्या ‘अनडू’ने मागे घेता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

मराठी माणसाला इथे एक खास अडचण येते. हा संपादक युनिकोडच्या आधीच्या जमान्यातला असल्यामुळे त्यात देवनागरी लिहिले की प्रश्नचिन्हांची रांग उमटते. ‘रक्कम अंकात लिहा’ ही साधी सूचनाही मॅक्रोत लिहिता येत नाही. यावर पुष्कळ जण हात टेकतात आणि फॉर्म इंग्रजीत करतात, म्हणजे ज्यांच्यासाठी तो केला त्यांनाच परका. तोडगा सोपा आहे. ‘शब्द’ नावाचे एक वेगळे पान घ्यावे, सर्व सूचना आणि चौकटींची नावे तिथल्या चौकटींत मराठीतून लिहावीत आणि फॉर्म उघडताना मॅक्रोने ती तिथून उचलून फॉर्मवरच्या पाट्यांत भरावीत. तिथे देवनागरी नीट दिसते. चुकीचा इशाराही वेगळ्या खिडकीत न देता फॉर्मवरच्याच एका पाटीत तांबड्या अक्षरांत द्यावा. शिवाय उद्या शब्द बदलायचा झाला, तर मॅक्रोला हात लावावा लागत नाही.

फाईल जतन करताना ‘मॅक्रो-एनेबल्ड’ प्रकारच निवडावा, म्हणजे नावापुढे एक्सएलएसएम येते. नेहमीच्या एक्सएलएसएक्स प्रकारात मॅक्रो राहत नाहीत. एक्सेल तशी सूचना देते, पण घाईत माणूस ‘होय’ म्हणून मोकळा होतो आणि दुसऱ्या दिवशी चौकोन मुका. जुना एक्सएलएस प्रकार तर विसरावाच. त्यात ६५,५३६ ओळींपुढे जागा नाही. २०२० च्या शरदात इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने करोनाच्या तपासण्यांचे निकाल या जुन्या प्रकारातून पुढे नेले, तेव्हा जागा संपून १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर पोचलीच नाही. तक्ता तिथेही निमूटच होता. तेवढ्या दिवसांत त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायचे राहून गेले.

आता दुसरी बाजू. मॅक्रो म्हणजे आपल्या संगणकावर काहीही करण्याची परवानगी. १९९६ साली एक्सेलच्या मॅक्रोतून पसरणारा लारू विषाणू सापडला, मार्च १९९९ मध्ये वर्डच्या मॅक्रोतून मेलिसाने जगभरातली टपाल-यंत्रे तुंबवली. अखेर मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली. त्यामुळे खजिनदारांनी ई-मेलने पाठवलेली वर्गणीची फाईल शेजारच्या घरी उघडली की वर तांबडी पट्टी येते आणि फॉर्म उघडत नाही. इथे वैतागून ‘सर्व मॅक्रो चालू द्या’ ही सोय निवडणारे फार. एका वर्गणीच्या फाईलसाठी घराचे सगळे दरवाजे कायमचे उघडे टाकण्यासारखे आहे ते. ओळखीच्या माणसाने बनवलेली, त्याच्याच हातून पेन ड्राइव्हवर घेतलेली फाईल एका ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि तेवढाच फोल्डर एक्सेलमध्ये ‘विश्वासाचा’ म्हणून नोंदवावा. शीटला घातलेला पासवर्ड चुकून लागणाऱ्या हातापुरता. मुद्दाम उघडणाऱ्याला तो अडवत नाही.

मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये हे मॅक्रो चालत नाहीत. वर्गणी दारोदार फिरून फोनवरच नोंदायची असेल, तर गूगलचा फॉर्म अधिक सोयीचा, आणि त्यात वाईट वाटून घेण्याचे कारण नाही.

एवढे करूनही एक दार उघडे राहते. फॉर्म रचणारा मुलगा बहुधा कॉलेजात असतो. तो पुढे पुण्याला किंवा बंगळुरूला जातो आणि पुढच्या गणपतीला एखादी चौकट वाढवायची झाली की सगळे एकमेकांकडे पाहतात. म्हणून मॅक्रोच्या सगळ्या ओळी कागदावर छापून, कोणती ओळ काय करते हे शेजारी मराठीत लिहून, तो कागद मंडळाच्या हिशेबवहीत चिकटवावा. पासवर्ड असेल, तर तो बंद पाकिटात अध्यक्षांकडे. वर्षाअखेर भरलेली फाईल त्या सालाच्या नावाने वेगळी ठेवावी आणि कोरी प्रत पुढच्या वर्षासाठी. उत्सवाच्या दिवसांत रोज रात्री आरतीनंतर पावतीपुस्तकातला शेवटचा क्रमांक आणि तक्त्यातला शेवटचा क्रमांक ताडून पाहावा. या कामाला दोन मिनिटे लागतात आणि खजिनदारांची रातपाळी सुरू व्हायला तेव्हा अजून अवकाश असतो.