गाळलेले शब्द

शुद्धलेखनाच्या वह्या तपासण्यात आमची तीस वर्षे गेली. चुकलेले ऱ्हस्वदीर्घ आम्हांस दुरून दिसतात. गाळलेले शब्द वाचावयास मात्र आम्ही फार उशिरा शिकलो.

चौथीतील एका मुलीच्या वहीत वाक्याचा आरंभ शुद्ध, शेवटही शुद्ध, आणि मधले तीनचार शब्द नाहीतच. लिहिता लिहिता तिची नजर स्थिर होई, पापण्या किंचित फडफडत, आणि लगेच ती पुन्हा लिहू लागे. ‘लक्ष कुठे आहे?’ म्हणून आम्ही तिला बाकावर उभे केले. तेही एकदा नव्हे. ‘गुरुजी, ते शब्द तुम्ही सांगितलेच नाहीत,’ हे तिचे उत्तर आम्ही उद्धटपणाच्या खाती जमा केले.

पुढे डॉक्टरांनी तिला जोरजोराने श्वास घ्यावयास लावला, तेव्हा तीच स्तब्धता त्यांच्यासमोर आली. मेंदूच्या विद्युत्-आलेखाने निदान पक्के झाले. तो अपस्मार होता. आमच्या बेळगावकडे ज्याला फिट येणे म्हणतात, तोच. पण पडणे नाही, फेस नाही. हा प्रकार बहुधा चार ते दहा वर्षांच्या वयात सुरू होतो. झटका काही सेकंदांचाच, परंतु दिवसातून कितीतरी वेळा. स्वप्नाळू मूल खांद्याला हात लावताच भानावर येते. हे येत नाही. पालकांनी एवढा फरक ध्यानी घ्यावा.

काही रोग्यांना आधी सूचना मिळते : पोटातून वर चढणारी लहर, नसलेला वास, अनोळखी जागा ओळखीची वाटणे. चरकसंहितेतही अपस्माराची पूर्वरूपे सांगितली आहेत. आजच्या वैद्यकाच्या मते ही सूचना म्हणजे झटक्याचाच आरंभ. अशा वेळी चुलीपासून, पाण्यापासून दूर होऊन खाली बसावे. शुद्ध गेलीच, तर रोग्यास कुशीवर वळवावे. कांदा, चप्पल नाकाशी धरू नये. दातांत चमचा तर मुळीच घालू नये. पाच मिनिटांत झटका न थांबल्यास तडक इस्पितळ गाठावे.

क्षमा मागावयास आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. वडिलांनी आधी दार लोटले. ‘शाळेत कुणाला कळू देऊ नका, पुढे मुलीचे लग्न आहे,’ म्हणाले. हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराची आडकाठी १९९९ सालीच दूर झाली, हे आम्ही सांगितले. त्यांना ते पटलेसे दिसले नाही. औषध मात्र त्यांनी एक दिवसही चुकविले नाही. दिवाळीनंतरच्या वहीत तिची वाक्ये सलग होती. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका तेवढ्या पुष्कळ होत्या.