तारांच्या कठड्याचा भार कोण पेलतो?

अमेरिकेतल्या मराठी घरांत उन्हाळा लागला की संसार मागच्या डेकवर सरकतो. भारतातून आईवडील आलेले असतात, शनिवारी संध्याकाळी भेळ होते, मुले पायात येत असतात आणि मोठी माणसे कठड्याला रेलून गप्पा मारतात. हा कठडा आता बदलतो आहे. काळ्या पावडर कोटिंगचे अ‍ॅल्युमिनियमचे खांब, त्यांतून आडव्या ओवलेल्या स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारा आणि वर लाकडाची किंवा कंपोझिटची रुंद पट्टी, अशी मांडणी अनेकांना हवी असते. मागची झाडी मोकळी दिसते, पट्टीवर चहाचा कप ठेवता येतो. किंमत मात्र साध्या लाकडी कठड्यापेक्षा बरीच जास्त. विक्रेता बोलतो ते तारांबद्दल. कठड्याची खरी ताकद ठरते ती खांबाच्या बुडाशी आणि वरच्या पट्टीत, आणि तिथेच बहुतेक ग्राहक काही विचारत नाहीत.

तिथल्या बहुतेक राज्यांचे घरबांधणीचे नियम ‘इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड’ या नमुना-संहितेवर बेतलेले आहेत. जमिनीपासून 30 इंचांहून उंच असलेल्या डेकला कठडा हवा. तो किमान 36 इंच उंच हवा. कॅलिफोर्निया 42 इंच मागते. लहान मूल निसटू नये म्हणून 4 इंच व्यासाचा गोळा कुठल्याही फटीतून पार जाता कामा नये. आणि वरच्या दांडीने 200 पौंडांचा, म्हणजे सुमारे 90 किलोंचा रेटा कुठेही सोसला पाहिजे.

मग तारा 4 इंचांवर न लावता 3 इंचांवर का लावतात? कारण तार वाकते. दोन खांबांत 4 फुटांचे अंतर आणि तारेत 200 पौंडांचा ताण धरला, तर मधोमध 10 पौंडांच्या जोराने ती सुमारे अर्धा इंच हटते. वरची तार अर्धा इंच वर, खालची अर्धा इंच खाली, की 3 इंचांची फट 4 इंचांची झाली. जाणकार गवंडी-सुतार म्हणूनच खांब 3 फुटांवर घेतात किंवा मध्ये तारा जागेवर धरणारी बारीक उभी पट्टी देतात. तार कालांतराने सैल पडते, हेही गणितात धरायला हवे. नव्या कठड्याची वर्षभरात एकदा तरी फेरतपासणी आणि ताण पुन्हा भरणे हे कामाच्या करारातच असावे.

आता या ताणाची बेरीज करून पाहा. 36 इंच उंचीत साधारण 10 तारा बसतात. प्रत्येकी 200 पौंड धरले तर टोकाच्या एकेका खांबाला आतल्या बाजूला 2000 पौंडांची, म्हणजे 900 किलोंची ओढ कायमची लागलेली असते; डेकवर कुणी नसतानाही. बाजेचा सुंभ करकचून आवळला की चारही दांड्यांवर ताण येतो, तसेच हे. फरक इतकाच की बाजेला चौथी बाजू असते, कठड्याला ती वरच्या पट्टीनेच द्यावी लागते. खांबाचे बूड डेकने धरलेले असते. माथे आत झुकू नयेत म्हणून टोकाच्या दोन खांबांना एकमेकांपासून दूर रेटून ठेवण्याचे काम वरची पट्टी करते. ती मध्येच तुकड्यांत जोडलेली, सांधा खांबावर न येता अधांतरी आलेला असेल, तर तारा आवळताच खांब आत कलतात. मग ते कलू नयेत म्हणून तारा सैल सोडतात आणि पुन्हा 4 इंचांचा गोळा आरपार जातो.

इथेच लाकूड की कंपोझिट हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो. रंग आणि पोत हा त्यातला लहान भाग. कंपोझिट म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांची फळी. तिला वाळवी लागत नाही, कुसळे निघत नाहीत, दरवर्षी तेल लावावे लागत नाही. पण तिचा ताठपणा चांगल्या लाकडाच्या मानाने कमी असतो, सतत भाराखाली ती हळूहळू वाकते, उन्हात तापते आणि लांबीत बरीच वाढते. तेव्हा कंपोझिटच्या पट्टीखाली अ‍ॅल्युमिनियमची अखंड दांडी असलीच पाहिजे. भार त्या दांडीने घ्यायचा, पट्टीने फक्त हाताला चांगले लागायचे. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, आडवे मात्र फुगते-आकसते. म्हणून ते खालून, लांबट भोकांतून स्क्रूने धरावे. वरून ठोकलेल्या स्क्रूच्या भोकांत पाणी मुरते. सीडर हलके आणि मऊ, ब्राझीलकडून येणारे इपे दगडासारखे कठीण आणि महाग. आमचे मत विचाराल तर खाली अ‍ॅल्युमिनियमची दांडी आणि वर लाकूड ही जोडी सर्वांत देखणी. पण वर्षातून एक रविवार तेलपाण्याला देण्याची तयारी नसेल, तर निमूटपणे कंपोझिट घ्यावे.

खांबाच्या बुडाचे गणित याहून कडक आहे. 36 इंचांवर 200 पौंडांचा रेटा आला की खांब तरफेसारखा वागतो. बुडाच्या पत्र्यावरचे स्क्रू साडेतीन इंचांच्या अंतरात असतील, तर त्यांना उपटणारा जोर दहापट, 2000 पौंडांच्या घरात जातो. डेकच्या नुसत्या फळीत रुतवलेले स्क्रू याला पुरत नाहीत. फळीखाली, तुळयांच्या मध्ये भक्कम लाकडी ठोकळे, म्हणजे ब्लॉकिंग हवे आणि बोल्ट त्यातून आरपार हवेत. बोल्टचे प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला मोकळी वाट, म्हणून त्याला नीट सील हवे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे 16 जून 2015 रोजी मध्यरात्रीनंतर एका इमारतीची बाल्कनी कोसळून सहा तरुण मृत्युमुखी पडले, त्यांतले पाच आयर्लंडहून आलेले विद्यार्थी. पाणी मुरून तिच्या लाकडी तुळया आतून कुजल्या होत्या. त्यानंतर कॅलिफोर्नियाने 2018 मध्ये बहुघरी इमारतींच्या अशा बाल्कन्यांची ठरावीक मुदतीने तपासणी सक्तीची केली. स्वतंत्र घराच्या डेकला तो कायदा लागू नाही. तिथे तपासणारे आपणच.

गंजाबद्दल थोडे. डेकखालचे लाकूड टिकावे म्हणून हल्ली त्यात तांब्याची संयुगे मुरवलेली असतात आणि ओल्या तांब्याशी अ‍ॅल्युमिनियमचे हाडवैर आहे. दोहोंमध्ये प्लॅस्टिकचा किंवा रबराचा थर हवाच. तार खांबातून जाते त्या भोकातही तशीच प्लॅस्टिकची बाही हवी. समुद्राजवळ 316 दर्जाचे स्टील घ्यावे. त्यातल्या 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनममुळे ते खाऱ्या हवेत 304 दर्जाच्या स्टीलपेक्षा जास्त तग धरते. तरी डाग पडतातच, गोड्या पाण्याने धुवावे लागते. आणि हो, या तारांवर टॉवेल वाळत घालू नयेत. मोह होतो, हे मान्य.

आडव्या तारा म्हणजे मुलांना आयती शिडी, हा आक्षेप जुना आहे. संहितेच्या 2000 सालच्या पहिल्या आवृत्तीत शिडीसारख्या कठड्याला मनाई होती. पुढे ती काढून टाकली गेली. नियमाने सूट दिली म्हणून दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या घरात तो कठडा योग्य ठरतो असे नाही. तिथे उभे गज बरे. उभ्या ताराही मिळतात, पण त्या वरच्या दांडीला सतत खाली ओढतात, तेव्हा ती दांडी अधिक जाड लागते. ज्येष्ठांसाठी दुसरी अडचण आहे. साडेपाच इंच रुंद सपाट पट्टी मुठीत मावत नाही. चार किंवा अधिक पायऱ्यांच्या जिन्याला संहिता मुठीत धरता येईल असा वेगळा हातकठडा मागते. गोल असल्यास सव्वा ते दोन इंच जाडीचा. शोभा जाते म्हणून तो वगळण्याकडे कल असतो. आईवडील येणार असतील तर तो वगळू नये.

कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: खांबाखाली ब्लॉकिंग कसे असेल, वरच्या पट्टीखाली अखंड दांडी आहे का, आणि वर्षाने ताण पुन्हा भरायला कोण येईल. पैसे कमी पडत असतील तर इपेऐवजी सीडर घ्यावे; ब्लॉकिंगवर काटकसर करू नये.