परत न येणारी वही

शाळकरी मुलांना घरबसल्या डिजिटल अॅनिमेशन शिकवण्याचा जो उद्योग सध्या जोरात आहे, त्याविषयी साहित्याच्या अध्यापकांनी बोलावे हे काहींना आगंतुकपणाचे वाटेल. अॅनिमेशन हा संगणकाचा विषय, आणि संगणकाचा विषय म्हणजे आपला नव्हे, अशी वाटणी आपण फार पूर्वीच करून ठेवली आहे. आम्हांला ही वाटणी मान्य नाही. ती निमूटपणे मान्य केली गेली म्हणूनच नववी-दहावीच्या मुलांच्या हाती आज इतके निकृष्ट काही पडते आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शालेय शिक्षणात व्यवसायशिक्षणाला मानाचे पान वाढले. त्याच वर्षी मार्चपासून शाळा बंद पडल्या आणि पडद्यावरून शिकण्याची सवय घरोघरी लागली. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स या चौकडीसाठी कार्यदल नेमण्याची घोषणा झाली. कारण अर्थातच रोजगार. २०२५ मध्ये मुंबईत या विषयांची स्वतंत्र राष्ट्रीय संस्थाही सुरू झाली. एवढ्या अनुकूल वाऱ्यात शाळकरी मुलांसाठी दूरस्थ अभ्यासक्रमांचे पीक येणे स्वाभाविकच होते.

असा एक अभ्यासक्रम आम्ही नववीतल्या एका मुलीशेजारी बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. नाव सांगण्याचे कारण नाही. मासला म्हणून तो पुरेसा आहे. ध्वनिमुद्रित धडे, प्रत्येक धड्याखाली पर्यायी उत्तरांचे प्रश्न, शेवटी एक प्रकल्प आणि प्रमाणपत्र. पहिल्याच चाचणीतला प्रश्न होता : अमुक क्रिया करण्यासाठी कळफलकावरील कोणती कळ दाबावी? प्रकल्प होता उसळणाऱ्या चेंडूचा. मुलीने तो केला, चढवला, आणि क्षणार्धात पैकीच्या पैकी गुण आले. क्षणार्धात, म्हणजे कोणीही तो न पाहता. फाइल ठरलेल्या लांबीची होती, ठरलेल्या नमुन्यात होती. यंत्राचे समाधान झाले.

चेंडू मात्र पडत नव्हता. तो वरून खाली सरकत होता, उद्वाहनासारखा.

ही चूक किरकोळ नाही, या विद्येचा गाभाच तिच्यात आहे. चित्रपटात सेकंदाला चोवीस चौकटी असतात. चेंडू वर आणि चेंडू खाली अशा दोन अवस्था ठरवून दिल्या की मधल्या चौकटी संगणक भरून देतो. पण त्या कोणत्या अंतराने भरायच्या हे त्याला पडण्याचा अर्थ कळून ठरवता येत नाही. मोकळी सोडलेली वस्तू समान कालखंडांत एक, तीन, पाच, सात या प्रमाणात अंतरे कापत खाली येते, हे गॅलिलिओपासून ठाऊक आहे. म्हणजे वरच्या टोकाशी चित्रे दाटीवाटीने हवीत आणि जमिनीजवळ विरळ. हीच अंतरे सारखी ठेवली की वजन नाहीसे होते. रबरी चेंडू आणि लोखंडी गोळा यांचे चित्र एकच, वर्तुळ; कोण कोणता हे केवळ चौकटींमधली अंतरे सांगतात. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात आयुष्य घालवलेल्या नॉर्मन मॅक्लॅरेनचा सारा आग्रह याच मुद्द्यावर होता : चौकटीत काय आहे याहून दोन चौकटींच्या मध्ये काय घडते ते महत्त्वाचे. संगणकावर हे आपोआप साधत नाही हेही जुनेच ज्ञान. जॉन लॅसेटरने १९८७ मध्ये एक आख्खा निबंध लिहून हाताने काढलेल्या अॅनिमेशनची तत्त्वे संगणकवाल्यांना समजावून सांगितली होती. त्या मुलीला हे कोणी सांगितले नाही. कारण सांगणारे कोणी त्या अभ्यासक्रमात नव्हतेच.

येथे आमचे काही मित्र लगेच म्हणतील की दूरशिक्षणाचेच हे वैगुण्य. कला गुरूसमोर बसूनच शिकावी. या गुरुकुली हळहळीशी आम्हांला काडीचेही कर्तव्य नाही. अहेरीच्या किंवा दोडामार्गच्या मुलाने समोर बसायचे कोणाच्या? शिवाय इतिहास या मित्रांच्या बाजूचा नाही. चार्ल्स शुल्झ १९४० च्या सुमारास सेंट पॉल गावी शाळेच्या शेवटच्या वर्षात होता, तेव्हा त्याने मिनिआपोलिसच्या एका संस्थेचा चित्रकलेचा टपाली अभ्यासक्रम घेतला. संस्था नदीपलीकडेच; पण मुलगा भिडस्त, चित्रे नेऊन दाखवायची त्याला लाज वाटे, म्हणून तो ती टपालानेच धाडी. ती तपासून, शेरे मारून परत येत. लहान मुले रेखाटण्याच्या पाठात त्याला ‘सी प्लस’ मिळाले! पुढे युद्धावरून परतल्यावर तो त्याच संस्थेत इतरांची चित्रे तपासण्याच्या कामावर लागला, आणि १९५० च्या ऑक्टोबरात ‘पीनट्स’ सुरू झाली ती लहान मुलांचीच चित्रमालिका. अंतर होतेच, पण पाकीट परत येत होते.

आपल्याकडचे उदाहरण तर याहून जुने. दादासाहेब फाळके चाळिशी ओलांडल्यावर सेसिल हेपवर्थच्या पुस्तकावरून चलच्चित्रांची विद्या शिकू लागले. १९१२ मध्ये विलायतेला गेल्यावर त्याच हेपवर्थच्या स्टुडिओत जाऊन त्यांनी काम डोळ्यांनी पाहिले. परतल्यावर कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीची एकेक चौकट टिपली आणि रोप पडद्यावर झरझर वाढवून दाखवले. पुढे आगकाड्याही नाचवल्या. आणि १९५६ मध्ये डिस्नेकडे काम केलेला क्लेअर वीक्स मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये आला, तेव्हा राम मोहन यांच्यासारखे तरुण त्याच्या हाताखाली चित्रे काढून, खोडून, पुन्हा काढून शिकले. पुस्तक असो, टपाल असो वा एकाच खोलीतले शेजारचे टेबल असो, केलेले काम जाणत्याच्या नजरेखालून जात होते.

मग आजच्या दूरस्थ अभ्यासक्रमांतून नेमका हाच माणूस का गळतो? कारण तो पगार मागतो. ध्वनिमुद्रित धडा एकदा करावा आणि लाख वेळा विकावा. तपासनीस मात्र दर आठवड्याला नव्याने लागतो. सारे तंत्रज्ञान, सारी लवचीकता, ‘आपापल्या गतीने शिका’ ही सारी मखलाशी या एका बचतीवर उभी आहे. हिशोब करून पाहा. चाळीस मुलांनी पाच-पाच सेकंदांचा अभ्यास पाठवला तर सगळा मिळून दोनशे सेकंदांचा मजकूर होतो. प्रत्येकाला दहा मिनिटे दिली, एकेक चौकट थांबवून ‘नवव्या चौकटीपासून तुझा चेंडू वजन हरवतो’ असा शेरा लिहिला, तरी चारशे मिनिटे. सात तासही भरत नाहीत. मराठीचा कोणताही शिक्षक निबंधाच्या वह्यांना याहून अधिक वेळ देतो. अडचण वेळेची नाही, त्या सात तासांचे मोल कोणी द्यायचे याची आहे. खान अकादमी आणि पिक्सार यांनी २०१५ मध्ये सुरू केलेला विनामूल्य अभ्यासक्रम यांतला बराच सरस. गणितापासून कथनापर्यंत सारे त्यात आहे. पण तेथेही मुलाने काय केले हे पाहणारे डोळे शाळेनेच पुरवायचे असतात.

राहिली कळींची विद्या. ती किती टिकते याचा दाखला ताजाच आहे. दोन दशके ज्या फ्लॅशवर जगभरची मुले अॅनिमेशन शिकली, त्या फ्लॅश प्लेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. ज्यांनी त्यातल्या कळा पाठ केल्या होत्या त्यांची विद्या त्याच्याबरोबर गेली. ज्यांनी त्यावर चाल, वजन आणि विलंब शिकून घेतला त्यांचे फारसे काही गेले नाही. आणि साधन आता दुर्मिळही उरलेले नाही. लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिसने ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर एकही शब्द न बोलणाऱ्या मांजराचा ‘फ्लो’ केला आणि २०२५ मध्ये ऑस्कर नेले. आता तर वाक्य लिहिताच चित्र हलवून देणारी यंत्रेही आली; तेव्हा हललेले चित्र बरे की वाईट हे ओळखणे एवढेच माणसाकडे उरते, आणि तेच आपण शिकवत नाही. भारतीय स्टुडिओंनी दीर्घकाळ परदेशी कथांची मधली कामे करून पोट भरले. ती कामे कष्टाची होती आणि आम्ही त्यांना हिणवत नाही. पण चौदाव्या वर्षीच मुलाला फक्त मधल्या चौकटी भरण्यासाठी तयार करायचे, आणि त्याला कौशल्यविकास म्हणायचे, हे आम्हांला संतापजनक वाटते.

आता आपल्याकडे वळू, कारण दोषाचा मोठा वाटा आपलाच आहे. हालचालीचे इतके बारीक भेद नोंदवलेली भाषा आपण शिकवतो आणि त्या भेदांकडे केवळ व्याकरणाच्या तासाला, ‘क्रियाविशेषणे ओळखा’ म्हणून पाहतो. तरातरा, झपाझप, लगबगीने, तुरुतुरु, दुडुदुडु, रेंगाळत, खुरडत, पाय ओढत, डुलत. यांतला प्रत्येक शब्द म्हणजे चौकटींचा एक तक्ता आहे. तुरुतुरु चालणाऱ्याचे पाऊल लहान आणि लय एकसारखी. दुडुदुडु धावणाऱ्या पोराचा तोल धडापुढे गेलेला, पाय मागून तो सावरायला येतात. तरातरा निघालेल्या माणसाचे डोके आधी निघते. रेंगाळणाऱ्याचे पाऊल उचलण्याआधी क्षणभर थांबते, आणि तो थांबा किती चौकटींचा यावर तो आळशी आहे की कोणाची वाट पाहतो आहे हे ठरते. हे सांगायला संगणकाचा अध्यापक लागत नाही. ज्याने गोष्टीतला एखादा विराम मुलांना कधी समजावून सांगितला आहे त्याला हे सांगता येते. परंतु आपण पाठ्यपुस्तकातल्या पात्राचे ‘स्वभावचित्र’ दहा ओळींत लिहून घेतो, आणि ते पात्र दारातून आत कसे येते हा प्रश्न कधी विचारत नाही.

नववीच्या वर्गासाठी आम्ही सुचवतो तो पाठ असा. शिक्षकाने एकेक शब्द चिठ्ठीवर लिहून, किंवा फोनवरून, एकेका मुलाला द्यावा. त्याने जुन्या वहीच्या कोपऱ्यात चोवीस पानांवर चोवीस चित्रे काढावीत. काटक्यांचा माणूस चालेल. पाने फडफडवून फोनवर टिपावीत आणि पाठवावीत. बाकीच्या मुलांनी चिठ्ठी न पाहता शब्द ओळखावा. ‘रेंगाळत’ काढलेल्याला वर्ग ‘लंगडत’ म्हणाला, तर कोणत्या पानामुळे तसे वाटले ते शिक्षकाने पानाचा क्रमांक घालून कळवावे, आणि वही परत पाठवावी.