बोलेल हो उशिरा!

"आमच्याकडे मुलगे उशिराच बोलतात," हे वाक्य ऐकलेच नाही असे घर विरळाच. खानदेशात ते जसे ऐकू येते, तसेच सातपुड्यापलीकडे माळव्यातल्या मराठी घरांतही. आजीच्या या बोलण्यात धीर असतो, माया असते. पण कधी कधी हाच धीर बाळाला महाग पडतो.

मेंदूची वाढ पहिल्या तीन वर्षांत सर्वांत झपाट्याने होते. या काळात मिळालेली मदत नंतरच्या मदतीपेक्षा जास्त फळते. म्हणून काही खुणा प्रत्येक आईला पाठ असाव्यात. बाळाने ४ महिन्यांपर्यंत मान धरावी, ९ महिन्यांपर्यंत आधाराविना बसावे, दीड वर्षापर्यंत चालावे, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलावे. हाकेला वळून न पाहणारे बाळ हट्टी आहे असे समजू नका, आधी त्याचे कान तपासा. ऐकण्यातला दोष ३ महिन्यांच्या आत कळावा आणि ६ महिन्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत, असे तज्ज्ञ सांगतात.

मग जायचे कुठे? फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. त्यानुसार फिरत्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलांची तपासणी करायची, शंका आली तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचे आणि पुढचे उपचार मोफत व्हायचे, अशी योजना आहे.

उपचार मोफत असले, तरी वाट मोफत नसते. इंदूर जिल्ह्यातले हातोद घ्या. शहरापासून वीसेक किलोमीटर, म्हणजे तसे जवळच. पण आठवड्यातून दोनदा थेरपीसाठी इंदूर गाठायचे, तर जाऊन-येऊन ८० किलोमीटर होतात. वर्षाचा हिशेब चार हजारांवर जातो. बसभाडे, बुडालेली मजुरी, घरी ठेवलेले दुसरे मूल हे सगळे कोणत्याच कागदावर येत नाही. दोन-तीन महिन्यांत आई थकते, फेऱ्या थांबतात आणि नातेवाईक म्हणतात, "काही गुण आला नाही बघ!"

यावर एक उपाय आईच्या हाती आहे. केंद्रात गेल्यावर "पुन्हा कधी येऊ?" एवढेच विचारून निघू नका. "घरी रोज काय करून घेऊ?" हे विचारा आणि ते तिथेच करून दाखवायला सांगा. थेरपिस्टपाशी बाळ तासभर असते, आईपाशी दिवसभर. आंघोळ घालताना अवयवांची नावे घेणे, पोळी देताना "हवी?" म्हणून क्षणभर थांबणे, खेळणे जरा दूर ठेवून बाळाला सरकायला लावणे, ही कामे घरातही होतात. आजीलाही यात घ्या. गोष्ट सांगण्यात तिचा हात कोण धरणार?

अर्थात, घरच्या सरावाने सरकारची जबाबदारी संपत नाही. थेरपिस्ट महिन्यातून ठरावीक दिवशी तालुक्याला आला, तर कितीतरी फेऱ्या वाचतील. ग्रामसभेत, नगर परिषदेत हे मागायला हवे. रस्ता मागतो, नळ मागतो, तसेच.

तोवर निदान एवढे करा. बाळाबद्दल शंका आली की "बघू पुढच्या वर्षी" म्हणू नका. याच आठवड्यात अंगणवाडी ताईंना गाठा. शंका खोटी ठरली तर पेढे वाटा. खरी ठरली, तर एक वर्ष वाचले म्हणा.